ऋण काढून सण किती दिवस?

घोडबंदर रस्त्यावरील मानपाड्याच्या नाक्यावर घटकाभर उभे राहून पाहिले, तर राज्याच्या तिजोरीत पैसा कोणकोणत्या वाटांनी शिरतो हे समजण्यास अंदाजपत्रकाचे जाडजूड खंड चाळावे लागत नाहीत. समोरच्या नव्या इमारतीत घर घेणारा गृहस्थ मुद्रांकशुल्क भरतो. पंपावरचा मोटारसायकलस्वार दर लिटरमागे राज्याचा कर भरतो. दुकानदार वस्तू व सेवा कराचे विवरण सादर करतो, नोकरदाराच्या पगारातून व्यवसायकर कापला जातो आणि दिवे लागल्यावर मद्याच्या दुकानापुढे जी गर्दी जमते तीही उत्पादनशुल्काच्या रूपाने सरकारचीच चाकरी बजावत असते. हा पैसा कोठे जातो, तेही येथेच दिसते. डोक्यावर मेट्रोचा मार्ग उभा राहिला आहे आणि जवळच टिकुजिनीवाडीकडून डोंगराच्या पोटातून बोरीवलीस जाणाऱ्या जोडबोगद्याचे काम हाती घेण्यात आले आहे. यांतील पुष्कळसा खर्च कर्जाचा आहे. कर्ज काढून रस्ता बांधणे व कर्ज काढून रोजचे घर चालवणे या दोन गोष्टी एकच आहेत काय? करवाढ व काटकसर या दोन उपायांनी राज्याची तोंडमिळवणी होऊ शकेल काय? या प्रश्नाचा विचार आज आम्ही करणार आहो. हा विषय रूक्ष आहे खरा. परंतु तो ज्यांनी टाळला, त्यांच्या खिशातूनच त्याचे उत्तर वसूल होत असते.

प्रथम आकडे पाहू. १० मार्च २०२५ रोजी तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी २०२५-२६ सालचे अंदाजपत्रक विधानसभेस सादर केले. एकंदर खर्च ७,००,०२० कोटी रुपये; महसुली जमा ५,६०,९६४ कोटी; महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी. म्हणजे महसुली तूट ४५,८९१ कोटींची व एकूण राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटींची. या दोन तुटींतील भेद व्यापाऱ्यास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. गाळा विकत घेण्यासाठी काढलेले कर्ज निराळे आणि नोकरांचा पगार भागवण्यासाठी काढलेले कर्ज निराळे. वरील आकड्यांचा हिशेब असा होतो की, राज्य सरकार उसने घेत असलेल्या दर तीन रुपयांपैकी एक रुपया दुसऱ्या प्रकारचा आहे. तो रस्त्यात नाही, धरणात नाही, शाळेच्या भिंतीतही नाही; तो खर्चून गेलेला आहे. मार्च २०२६ अखेर राज्याचे कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींच्या घरात जाईल, असा त्याच अंदाजपत्रकाचा होरा होता.

सरकारपक्षाची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. राज्याच्या स्थूल उत्पन्नाशी तुलना करता हे कर्ज शेकडा १९ च्या आसपास पडते आणि राजकोषीय तूट शेकडा तीनच्या मर्यादेच्या आत राहते. अनेक राज्यांची स्थिती याहून वाईट आहे. हे सर्व खरे आहे. पण शेजाऱ्याचे घर अधिक गळते म्हणून आपल्या छपराकडे दुर्लक्ष करणे हे शहाणपण नव्हे. खुद्द महाराष्ट्राने २००५ साली राजकोषीय उत्तरदायित्वाचा कायदा केला, तो महसुली तूट नाहीशी करण्याचे वचन म्हणूनच. वचन मोडण्यापेक्षा वचनाचा अर्थ सैल करणे राज्यकर्त्यांस नेहमीच सोपे जाते.

आता करांकडे वळू. 'तूट आहे, तर कर वाढवा' असे म्हणणारांस आमचा प्रश्न असा की, वाढवावयाचा कोणता? १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, तेव्हापासून विक्रीकराची चावी राज्याच्या कमरेस राहिलेली नाही. ती परिषदेच्या हाती गेली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या कराचे दर खाली आणण्यात आले. ग्राहकास ते गोड लागले यात संशय नाही. परंतु त्यामुळे राज्याच्या जमेत जी घट येईल, तीवर राज्यास स्वतंत्रपणे काहीच करता येत नाही. केंद्राने पाच वर्षे दिलेली भरपाई जून २०२२ मध्ये संपली. केंद्रीय करांतील राज्यांच्या शेकडा ४१ वाट्यापैकी महाराष्ट्रास पंधराव्या वित्त आयोगाने ठरवून दिलेला हिस्सा शेकडा ६.३१७ एवढाच होता. व्यवसायकरावर तर राज्यघटनेच्या २७६ व्या कलमानेच लगाम घातला आहे. माणशी वर्षास २५० रुपयांची मर्यादा १९८८ साली २,५०० वर नेण्यात आली. नंतर तीस कोणी हात लावलेला नाही. राहिले काय? मुद्रांकशुल्क, मद्य, पेट्रोल-डिझेल, मोटारी व वीज.

या उरलेल्या साधनांपैकी दोहोंवर किती भार आहे पाहा. ठाण्यात ८० लाखांचे घर घेणाऱ्यास शेकडा ७ प्रमाणे ५ लाख ६० हजार मुद्रांकशुल्क पडते, त्यांतील शेकडा एक मेट्रोच्या अधिभाराचा. शिवाय ३० हजार नोंदणी फी. घर स्त्रीच्या नावे असल्यास शेकडा एकाची सवलत आहे, एवढाच दिलासा. १० जून २०२५ रोजी मंत्रिमंडळाने मद्यावरील शुल्क वाढवले, ते १४ हजार कोटींच्या जादा उत्पन्नाच्या आशेने. म्हणजे सारी आशा एकवटली तरी ती महसुली तुटीच्या एकतृतीयांशापेक्षा कमीच भरते. उलट पक्षी, दर वाढवला म्हणजे उत्पन्न त्याच प्रमाणात वाढतेच असे नाही, हे मानपाड्याच्या घरबाजाराने पाहिलेले आहे. करोनाच्या साथीत सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुद्रांकशुल्क शेकडा ५ वरून २ वर आणले, तेव्हा नोंदणी कार्यालयांपुढे रांगा लागल्या. कर म्हणजे लिंबू नव्हे की जितके पिळावे तितका रस निघावा.

या ठिकाणी आमच्या प्रांताच्या इतिहासातील एक प्रकरण सांगितल्यावाचून राहवत नाही. १९३७ साली बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ मुंबई इलाख्यात अधिकारारूढ झाले. अण्णासाहेब लठ्ठे अर्थमंत्री होते. दारूबंदी हे राष्ट्रीय पक्षाचे वचन होते व १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात ती सुरू करण्यात आली. दारूचे उत्पन्न बुडणार हे उघड होते. मंत्रिमंडळाने ते लपवले नाही. शहरातील स्थावर मिळकतींवर नवा कर बसवून तो खड्डा भरण्याचे ठरवले. घरमालकांनी ओरड केली. सर बैरामजी जीजीभाई यांनी हायकोर्टात दावा लावून, असा कर बसवण्याचा अधिकार प्रांतास नाही, असा वाद घातला. कोर्टाने कर कायदेशीर ठरवला. पुढे नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, दारूबंदीची पकड ढिली झाली, कर मात्र मागे राहिला! या शेवटच्या गोष्टीवरून घ्यावयाचा बोध घ्यावाच. पण मुख्य बोध निराळा आहे. त्या मंत्र्यांनी लोकांस सांगितले की, हे पुण्यकर्म करावयाचे तर त्याची किंमत अमुक, आणि ती अमक्याने द्यावयाची. पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर चित्र उलटे झाले आहे. मद्याच्या उत्पन्नावर वचने उभारली जातात आणि किंमत कोण देणार हे विचारले, तर उत्तर पुढल्या पिढीकडे बोट दाखवते.

आता काटकसरीचा विचार. सर्वांच्या तोंडी असलेला शब्द हाच, आणि सर्वांत फसवा शब्दही हाच. राज्याच्या महसुली जमेचा निम्म्याहून अधिक भाग पगार, निवृत्तिवेतन व व्याज या तीन खात्यांत अगोदरच बांधला गेलेला असतो. व्याज चुकवता येत नाही, पगार थांबवता येत नाही. निवृत्तिवेतनाच्या बाबतीत १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीस लागणाऱ्यांसाठी नवी पद्धत सुरू करण्यात आली. पण तिचा लाभ तिजोरीस तेव्हाच मिळावयाचा, जेव्हा ते लोक निवृत्त होतील. इतकी वर्षे धीर धरणे कठीण गेले आणि मार्च २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांचा संप होऊन जुन्या पद्धतीकडे परतण्याची मागणी पुढे आली. नोकरांची चिंता आम्ही खोटी म्हणत नाही. परंतु खरी काटकसर पेरल्यापासून पीक येण्यास एक पिढी लागते व त्या अवधीत सात निवडणुका होतात, हे ध्यानी घेतले पाहिजे.

मग तातडीची कुऱ्हाड कोठे पडते? ज्याला वाचा नाही तेथे. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय व आदिवासी विकास या खात्यांचा मिळून सुमारे ७४६ कोटींचा निधी लाडकी बहीण योजनेकडे वळवण्यात आला, आणि त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच त्याविरुद्ध उघडपणे नाराजी व्यक्त केली. सणासुदीस मिळणारा आनंदाचा शिधा २०२५ च्या गणेशोत्सवात मिळाला नाही. केलेल्या कामांची बिले थकली म्हणून ठेकेदारांस आंदोलने करावी लागली. बिल न देणे ही काटकसर नव्हे. ते व्याजाविना काढलेले सक्तीचे कर्ज होय आणि ज्या छोट्या कंत्राटदाराने सिमेंट उधारीवर उचलले, त्याला ते व्याजासकट फेडावे लागते. आमच्या व्यापारी वाचकांस हा प्रकार चांगलाच परिचयाचा असेल.

लाडक्या बहिणींच्या योजनेबद्दल आम्ही स्पष्ट लिहितो. जी स्त्री चार घरची धुणीभांडी करून संसार ओढते, तिच्या हाती महिना १,५०० रुपये आले तर त्यांत सरकारने भीक घातली असे आम्हांस वाटत नाही. तिच्या श्रमाची दखल या देशात कोणी घेतली आहे? आमचा आक्षेप देण्यावर नाही, देण्याच्या रीतीवर आहे. २८ जून २०२४ रोजी योजना जाहीर झाली, नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली आणि अर्जदारांची खरी छाननी मागाहून सुरू झाली. २०२५ च्या मध्यास सुमारे २६ लाख ३४ हजार खात्यांचा हप्ता अपात्रतेच्या संशयावरून रोखण्यात आला. त्यांत चौदा हजारांवर पुरुष निघाले! हे सारे अपात्र ठरले असे धरले तरी वर्षाची बचत ४,७४० कोटींच्या आसपास, म्हणजे महसुली तुटीच्या दशांशाएवढीच. आणि एखाद्या निष्ठुर अर्थमंत्र्याने २०२५-२६ साठी ठेवलेली ३६ हजार कोटींची सारी तरतूदच रद्द केली असती, तरीही महसुली तूट शिल्लक राहिलीच असती. म्हणून 'सारे बहिणींनी बुडवले' असे जे सुखवस्तू मंडळी म्हणतात, ते हिशेबास धरून नाही. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी, निवडणुकीची घोषणा होण्याच्या आदल्याच दिवशी, आनंदनगरसह मुंबईच्या वेशीवरील पाच नाक्यांवर मोटारगाड्यांचा पथकर माफ झाला. ठाण्याच्या मोटारवाल्यांनी तेव्हा पेढे वाटले असतील. पण त्याची भरपाई ज्या तिजोरीतून व्हावयाची, तीत मोटार नसलेल्याचाही पैसा आहे, याची आठवण किती जणांस झाली?

मग तोंडमिळवणी अशक्यच आहे काय? नाही. ती महाराष्ट्राने करून दाखवलेली आहे. १ एप्रिल २००५ रोजी जुना विक्रीकर जाऊन मूल्यवर्धित कर आला. व्यापाऱ्यांनी त्यास कडकडून विरोध केला होता. परंतु पावतीला पावती जोडली गेली, करचुकवेगिरीची छिद्रे बुजली, त्यातच व्यापारउदीम तेजीत होता. आणि २००६-०७ ते २००८-०९ अशी तीन वर्षे महसुली खात्यावर शिल्लक राहिली. पुढे सहाव्या वेतन आयोगाचा भार आला, जगात मंदी आली व २००९-१० मध्ये पुन्हा तूट पडली. २०१७-१८ व २०१८-१९ मध्येही शिल्लक होती. या अनुभवाचा अर्थ असा की, शिल्लक पडली ती दर चढवून नव्हे, आणि गरिबाचा घास काढूनही नव्हे. ती पडली कराचे जाळे रुंद झाल्याने, व तेजीच्या दिवसांत हात आखडता ठेवल्याने. उलट टोकाचा धडा अमेरिकेतील कॅन्सस राज्याने दिला आहे. २०१२ साली तेथे मोठी करकपात करण्यात आली. उद्योग फोफावतील व तूट आपोआप भरून निघेल अशी ग्वाही देण्यात आली. तसे घडले नाही, आणि २०१७ मध्ये गव्हर्नरचा नकाराधिकार डावलून तेथील विधिमंडळानेच कपात मागे घेतली.

तथापि शिल्लक म्हणजेच सुराज्य असेही आम्ही मानीत नाही. १९०२ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी वरिष्ठ कायदेमंडळात केलेले अंदाजपत्रकावरील भाषण प्रसिद्ध आहे. परकीय सरकार सालोसाल शिलकी अंदाजपत्रके मिरवीत होते, आणि दुष्काळाने गांजलेल्या रयतेकडून गरजेपेक्षा अधिक कर वसूल केल्यानेच ही शिल्लक पडते, हे गोखल्यांनी आकड्यांनिशी दाखवून दिले. तिजोरी भरलेली व रयत उपाशी, असा ताळेबंद कोर्टात चालेल, लोकांपुढे चालत नाही. तेव्हा प्रश्न केवळ जमाखर्च जुळण्याचा नाही. तो कोणाकडून घेऊन व कोणाचे काढून जुळवला, याचा आहे.

या दृष्टीने आम्ही चार सूचना करतो. पहिली, नवी योजना विधिमंडळापुढे येताना तिच्या पैशाची वाट सोबत दाखवलीच पाहिजे. हे अशक्य नाही. १९७२ च्या भीषण दुष्काळानंतर रोजगार हमी योजना राज्यभर रुजली, तेव्हा तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसायकर बसवण्यात आला आणि तितकीच रक्कम सरकारने स्वतः घालावी असे ठरले. शहरातील नोकरदाराने खेड्यातील मजुराच्या भाकरीसाठी दरमहा काही रुपये दिले. कोणी बंड केले नाही, कारण पैसा कोठे जातो हे त्यास ठाऊक होते.

दुसरी, पुरवणी मागण्यांस मर्यादा घालावी. मार्चमध्ये जुळवलेला हिशेब जुलैत उसवतो. जून २०२५ मध्ये ५७,५०९ कोटींच्या व डिसेंबरात ७५,२८६ कोटींच्या मागण्या मांडण्यात आल्या. दोहोंची बेरीज मूळ अंदाजपत्रकाच्या पाचव्या हिश्शाजवळ जाते. यांतील काही रकमा केवळ जमाखर्ची असतात, आणि त्या वर्षीच्या अतिवृष्टीसारखे संकट कोणी मार्चमध्ये पाहू शकत नाही, हे आम्ही मान्य करतो. परंतु संकटासाठी राखून ठेवणे निराळे व ठाऊक असलेला खर्च मार्चमध्ये दडवून जुलैत काढणे निराळे.

तिसरी, थकबाकीदारांसाठीच्या अभय योजनांचा रतीब बंद व्हावा. २०१९, २०२२, २०२३ व २०२५ अशा वारंवार निघालेल्या योजनांनी प्रामाणिक व्यापाऱ्यास एकच धडा शिकवला, की वेळेवर भरणारा मूर्ख व थांबणारा शहाणा. चौथी, काटकसर वरून सुरू व्हावी, आणि शाळा, दवाखाना व आदिवासी पाडा यांच्या निधीस हात लावण्यापूर्वी विधिमंडळाची स्वतंत्र परवानगी घ्यावी लागावी. ज्या रकमेवर दुर्बळाचा हक्क एकदा लिहिला गेला, ती विश्वस्ताच्या हातातील ठेव होय. आणि विश्वस्ताने एका लाभार्थ्याची ठेव दुसऱ्यास वाटली, तर त्यास कायद्यात काय म्हणतात, हे आम्ही येथे सांगत बसत नाही.

शेवटी एक गोष्ट वाचकांस उद्देशून. सरकारास दोष देणे सोपे आहे, आणि ते आम्ही या स्तंभात पुरेसे केले आहे. पण घराची खरी किंमत खतात न दाखवता उरलेली रोख मोजणारा खरेदीदार, 'बिल हवे की नको' असे विचारणारा दुकानदार व 'नको' म्हणून शेकडा अठरा वाचवणारा गिऱ्हाईक, हे तिघेही त्याच तुटीचे भागीदार आहेत. परकीयांचे राज्य होते तेव्हा कर चुकवणे हा कित्येकांस पराक्रम वाटे. स्वराज्यात चुकवलेला कर हा शेजाऱ्याच्या खिशातून काढलेला कर असतो. करांनी व काटकसरीने तोंडमिळवणी होईल काय, या प्रश्नास आमचे उत्तर असे की, होईल; परंतु कर सर्वांकडून सारखा वसूल झाला, आणि काटकसर बलवानापासून सुरू झाली, तरच. तसे न झाले, तर मानपाड्याच्या नाक्यावरून मेट्रोने जाणारी आमची मुले ज्या मार्गावरून प्रवास करतील, त्याचे कर्ज ती आनंदाने फेडतील. पण आम्ही खाऊन संपवलेल्या पक्वान्नांचे बिलही त्यांच्याच हाती पडेल, आणि ते कोणत्या तोंडाने द्यावे, हा प्रश्न आमचा राहील.